सिस्टर कोणाच्या घरातून येणार?

दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर मी दहावीच्या वर्गाला मराठीत एक निबंध लिहायला देते. विषय जुनाच आहे, 'मी कोण होणार?' माझी शाळा पेणला आणि घर रोह्याला. संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा घेऊन मी गाडीत बसते आणि नागोठणे येईपर्यंत निम्म्या वह्या वाचून होतात. मुलांना इंजिनिअर व्हायचे असते, पोलिसात जायचे असते, नाहीतर आखाती देशात नोकरी करायची असते. मुलींच्या वह्यांत 'शिक्षिका' हा शब्द सर्वांत जास्त वेळा येतो. त्याच्या खालोखाल 'नर्स'.

मागच्या वर्षी एका मुलीने लिहिले होते, 'मी नर्स होणार, कारण सहा महिन्यांत नर्स होता येते.' मी लाल पेनाने त्या वाक्यातली एक वेलांटी दुरुस्त केली आणि वही मिटली. गाडी कासूच्या पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आले की चूक वेलांटीत नव्हती. मी ती वही पुन्हा उघडली. दुसऱ्या दिवशी त्या वाक्यावर वर्गात बोलले. तास संपला तरी बोलणे संपले नाही, म्हणून उरलेले इथे लिहीत आहे.

मुलांनो, त्या मुलीने ते वाक्य स्वतःच्या मनाने लिहिले नव्हते. ते तिने कुठल्यातरी पाटीवर वाचले होते. अशा पाट्या तुम्हीही पाहिल्या असतील. वर पांढरी टोपी घातलेल्या बाईचे चित्र, खाली 'नर्सिंग कोर्स, दहावी पास किंवा नापास, नोकरीची हमी'. पत्ता पाहावा तर एखाद्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा गाळा. तिथे रुग्णालय नसते आणि रुग्णही नसतो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी अशाच एका वर्गात गेली होती. दहावीला तिला चांगले गुण होते. घरची परिस्थिती बेताची. वडील रिक्षा चालवत. 'लवकर शिकेल, लवकर कमावेल' असा विचार करून त्यांनी उसनवारी करून फी भरली. वर्षभर ती पांढरा गणवेश घालून जात होती. रस्त्यात भेटली की मलाही बरे वाटे. वर्षाच्या शेवटी तिला एक गुळगुळीत प्रमाणपत्र मिळाले. त्याच्यावर सोनेरी शिक्का होता. एका खाजगी दवाखान्यात तिला काम मिळाले. तिथे ती रुग्णांचे कपडे बदलत असे, फरशी पुसून घेत असे आणि कधी कधी इंजेक्शनही देत असे. ते देण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

पुढे जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकांच्या जागा निघाल्या. तिने अर्ज केला. अर्जात एक रकाना होता, 'परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक'. ती माझ्याकडे अर्ज घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, इथे काय लिहायचे?" मी तिचे प्रमाणपत्र उलटून पालटून पाहिले. त्यावर दूरध्वनी क्रमांक होता, सह्या होत्या, पण नोंदणी क्रमांक नव्हता. तो असणारच नव्हता. तो रकाना तिने मोकळा सोडला. त्या अर्जाचे पुढे काय झाले ते सांगायला नको.

मला स्वतःचाही राग आला. ती पांढऱ्या गणवेशात दिसत होती तेव्हा मी तिला एकदाही विचारले नव्हते की तुझी परीक्षा कोण घेते? आम्ही शिक्षक दहावीचा निकाल लावतो, पेढे खातो आणि पुढच्या वर्गाकडे वळतो.

मग खरे शिक्षण कोणते, ते आता सांगते. महाराष्ट्रात नर्स होण्याचे तीन मुख्य मार्ग आहेत. पहिला ए.एन.एम.चा. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून तो फक्त मुलींसाठी आहे. बारावी कोणत्याही शाखेतून झालेली चालते. ए.एन.एम. झालेली मुलगी बहुतेक उपकेंद्रात आरोग्य सेविका म्हणून काम करते. सरकारी निकष असा आहे की सपाट भागात साधारण ५,००० लोकवस्तीला आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र असावे. पेणच्या डोंगरातल्या ठाकूर आणि कातकरी वाड्या डोळ्यांसमोर आणा, म्हणजे दुसऱ्या आकड्याचा अर्थ कळेल. गरोदर बाईची तपासणी, बाळाची लस, लसीची पेटी २ ते ८ अंश सेल्सिअसच्या मध्ये राखणे, ही सारी कामे त्या एका बाईकडे असतात.

दुसरा मार्ग जी.एन.एम.चा. तीन वर्षे. यालाही बारावी लागते. शाखा कोणतीही चालते, पण विज्ञान घेतलेले असेल तर सोपे जाते, आणि इंग्रजीत उत्तीर्ण असणे आवश्यक असते. तिसरा बी.एस्सी. नर्सिंगचा. तो चार वर्षांचा आहे, आणि त्याला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र हवेच. पहिल्या दोन अभ्यासक्रमांची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. बी.एस्सी.ची परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवावे लागते. त्या नोंदणीशिवाय कोणीही स्वतःला नर्स म्हणवू नये, मग गणवेश कितीही पांढरा असो. प्रवेशाचे नियम आणि प्रवेश परीक्षा अधूनमधून बदलतात. २०२३ मध्ये तर संसदेने परिचर्येसाठी नवा कायदाही केला. म्हणून शेजारच्या ताईने पाच वर्षांपूर्वी काय केले यावर विसंबू नका. चालू वर्षाचे माहितीपत्रक पाहा.

आता कोणी म्हणेल, मॅडम, गरिबाच्या मुलीने इतकी वर्षे कुठून आणायची? प्रश्न रास्त आहे. मी लांबलचक शिक्षणाची पुजारी नाही. अमेरिकेत 'कम्युनिटी कॉलेज' नावाची महाविद्यालये असतात. आपल्याच गावात, घरी राहून, कमी फीमध्ये शिकता यावे यासाठी ती काढलेली आहेत. १९५२ पासून तिथे नर्सिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. मिल्ड्रेड माँटॅग या बाईंनी त्याची आखणी केली होती. कारखान्यात काम करून शिकणाऱ्या, मुले सांभाळून शिकणाऱ्या असंख्य बायका त्या वाटेने नर्स झाल्या. पण लक्षात घ्या, दोन वर्षे शिकलेलीला आणि चार वर्षे शिकलेलीला तिथे परवान्याची परीक्षा एकच द्यावी लागते. म्हणजे शिक्षण आटोपशीर असणे हा दोष नव्हे. आपले ए.एन.एम.सुद्धा दोनच वर्षांचे आहे. दोष आहे तो ज्या शिक्षणाच्या शेवटी परीक्षा नाही, नोंदणी नाही आणि ज्याच्या मध्ये रुग्णालय नाही, त्या शिक्षणाचा.

म्हणून कोणत्याही संस्थेत पैसे भरण्यापूर्वी वडिलांना सोबत घेऊन जा आणि विचारा. तुमच्या शाळेला परिषदेची मान्यता आहे का, मान्यतेचे पत्र दाखवा. परीक्षा कोण घेणार? आणि आम्ही प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात शिकणार, तिथे खाटा किती आहेत? या प्रश्नांवर समोरचा माणूस चिडला, तर उत्तर मिळाले असे समजून उठा. (रुग्ण सहायकाचे काही महिन्यांचे अभ्यासक्रमही असतात. ते कामही कष्टाचे आणि इमानाचे आहे. मात्र सहायक आणि नर्स यांत फरक आहे, आणि तो फरक लपवून जो फी घेतो त्याच्याशी माझे भांडण आहे.)

इतका अभ्यास कशासाठी, असेही मला एका मुलीने विचारले. "गोळ्या तर डॉक्टर लिहून देतात. नर्सने नुसत्या द्यायच्या." ती 'नुसत्या द्यायच्या' म्हणाली, तिथेच सारे आले. औषध देताना नर्सला दर वेळी तपासावे लागते की रुग्ण तोच आहे ना, औषध तेच आहे ना, प्रमाण तेवढेच आहे ना, तोंडाने द्यायचे की शिरेतून, आणि वेळ झाली आहे का. एका वॉर्डात दोन 'शेख' आणि तीन 'पाटील' असतात. आपल्या वर्गाच्या हजेरीत तीन आयेशा आहेत आणि मी वर्षभर त्यांच्या वह्या एकमेकींना देत असते. वही चुकली तर हसून सोडून देता येते.

आपल्या रायगड जिल्ह्यातली एक गोष्ट सांगते. महाडच्या परिसरात लाल विंचू चावून माणसे मरत, त्यांत लहान मुले फार. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या विषाचा पाठपुरावा केला. त्यांनी कोणते मोठे यंत्र आणले नव्हते. ते रुग्णाच्या खाटेजवळ बसून राहिले. नाडी किती, रक्तदाब किती, घाम केव्हा सुटला, हातपाय केव्हा गार पडले, हे लिहीत राहिले. त्यातून त्यांना विषाची चाल कळली आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध विंचवाच्या दंशावर उपयोगी पडते हे त्यांनी दाखवून दिले. १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्यांचे काम छापून आले. डॉक्टरांचे हे मोठेपण आहेच. पण खाटेजवळ बसणे, पाहणे आणि वेळ घालून लिहिणे हे नर्सचे रोजचे काम आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा सर्वांना ठाऊक असतो. तिने सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे जमवून सरकारपुढे तक्ते मांडले होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. गणिताचा कंटाळा येणाऱ्या मुलींनी याची नोंद घ्यावी.

आणि मराठीचा कंटाळा येणाऱ्यांनीही. 'नर्सिंग तर इंग्रजीत शिकवतात, मराठी कशाला?' असे तुम्ही एकमेकींत बोलता, ते मला ऐकू येते. पुस्तक इंग्रजीत असते, हे खरे. उर्दूतून आलेल्या मुलीला पहिले वर्ष जड जाते, हेही खरे. म्हणून अकरावी-बारावीत इंग्रजीची तयारी करून ठेवा. पण रुग्ण इंग्रजीत कण्हत नाही. रोह्याच्या किंवा पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात आलेली म्हातारी सांगते, "पोटात कळ येते गो." दुसरी सांगते, "गुडघ्यात ठणका लागलाय." तिसरा म्हणतो, "पाठीत चमक भरली." चौथ्याच्या पोटात आग पडलेली असते. उर्दूत आपण या सर्वांना 'दर्द' म्हणून मोकळे होतो. पण कळ येते आणि जाते, ठणका थांबत नाही, चमक हलले की भरते. ज्या मुलीला हा फरक कळतो ती डॉक्टरांना चार शब्दांत नेमके सांगू शकते. आपल्या कोकणी मुसलमानांच्या घरातली बोली मराठीच्या किती जवळची आहे, हे तुम्हाला सांगायला नको. घरात आजी बोलते ती भाषा वॉर्डात कामाला येते. शाळेत मात्र तीच बोलायला आपण लाजतो.

आता घरच्यांकडे वळू. खरी अडचण तिथे आहे.

'सहा महिन्यांत नर्स' लिहिणाऱ्या त्या मुलीच्या घरी मी गेले होते. तिच्या आईने चहा दिला आणि सरळ सांगितले, "मॅडम, तुम्ही तिला तुमच्यासारखी बनवा. डी.एड., बी.एड. काहीही करू दे. नर्सचे नको. रात्रीची ड्यूटी, परक्या माणसांना हात लावायचा, बाहेरगावी राहायचे. उद्या स्थळ येताना लोक काय म्हणतील?" तिची मुलगी दाराआड उभी होती.

मी बी.एड. केले तेव्हा आमच्या घरी कोणी हरकत घेतली नाही. शिक्षिकेची नोकरी म्हणजे अकरा ते पाच, सुट्ट्या भरपूर, हातात खडू. ती इज्जतीची नोकरी मानली जाते. पण आज बी.एड. झालेल्या किती मुली घरी बसून आहेत, ते तुमच्याच मोहल्ल्यात मोजून पाहा. मी त्या आईला एवढेच विचारले, "तुमच्या या मुलीच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात तुमच्याजवळ कोण होते?" ती म्हणाली, "सिस्टर होत्या. मी आधीच सांगून ठेवले होते, पुरुष नको, बाईच पाहिजे." मी काही बोलले नाही. तीही काही वेळ गप्प बसली.

आपल्या घरोघरी हेच आहे. बाळंतिणीजवळ बाई हवी, आजारी सासूला अंघोळ घालायला बाई हवी, इंजेक्शन द्यायला बाई हवी. फक्त ती बाई दुसऱ्याच्या घरची असावी. ती केरळातून यावी, ख्रिस्ती असावी, मराठा असावी, बौद्ध असावी. तिने रात्री जागावे आणि आपल्या मुलींनी रात्री घरात असावे. तिला आपण 'सिस्टर' म्हणतो. बहीण म्हणायचे आणि तिच्या धंद्याला नावे ठेवायची, हा कुठला न्याय?

ही वृत्ती एकट्या आपल्या समाजाची आहे असे मात्र समजू नका. मुंबईत १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले. पेस्तनजी होरमसजी कामा या पारशी गृहस्थांनी त्यासाठी देणगी दिली होती. पुरुष डॉक्टरपुढे न जाणाऱ्या बायकांसाठीच ते होते. इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पेची तिथे प्रमुख होत्या. रुग्ण बायका येऊ लागल्या, पण त्यांची शुश्रूषा करायला शिकलेल्या बायका कुठून आणायच्या? चांगल्या घरातून कोणी येईना. त्या काळात बाई काशीबाई गणपत शिकायला पुढे आल्या. प्रशिक्षण घेणारी पहिली भारतीय नर्स म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पुढे पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले. रमाबाईंनी विधवा आणि परित्यक्ता बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवले. नर्सचे काम म्हणजे विटाळाचे, हलके काम अशी तेव्हाच्या वरच्या जातींची समजूत होती. लोकांनी नावे ठेवलीच. रमाबाईंनी या मुलींच्या राहण्याची नीट व्यवस्था केली, त्यांच्यावर देखरेख ठेवली, आणि घरच्यांना सांगायला एक उत्तर तयार केले. ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ज्यांच्या आज्यांनी तेव्हा नाक मुरडले, त्यांच्या नाती आज मेट्रन आहेत.

आपल्याकडे तर नाक मुरडायलाही जागा नाही. मदिनेत मस्जिदे नबवीच्या आवारात रुफैदा नावाच्या बाईंचा तंबू होता, हे सीरतच्या पुस्तकांत तुम्ही वाचले असेल. खंदकच्या लढाईत हजरत साद बिन मुआज जखमी झाले तेव्हा त्यांना त्याच तंबूत ठेवले गेले. त्या जखमी पुरुषांची मलमपट्टी करीत. हे मी त्या आईला सांगितले. ती म्हणाली, "ते दिवस वेगळे होते." प्रत्येक गोष्टीला हे उत्तर देता येते, म्हणून मी त्यावर वाद घातला नाही.

तिची एक भीती मात्र मला खोटी वाटत नाही. मुलगी सुरक्षित राहील का? मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९७३ मध्ये अरुणा शानभाग या तरुण नर्सवर तिथल्याच एका कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्या पुन्हा कधी शुद्धीवर आल्या नाहीत. ही गोष्ट लपवून तुम्हाला 'या, नर्स व्हा' असे म्हणणे लबाडीचे होईल. पण त्या गोष्टीचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, चाळीस वर्षांहून अधिक काळ, के.ई.एम.च्या नर्सनी त्यांना सांभाळले. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. त्या नव्यांनी अरुणाताईंना कधी चालताना पाहिले नव्हते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कूस बदलून दिली नाही तर थोड्याच दिवसांत पाठीला जखमा होतात. इतक्या वर्षांत त्यांना तशा जखमा होऊ दिल्या नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. औषधांनी हे होत नाही. कोणीतरी दिवसरात्र, दर काही तासांनी, उठून हात लावावा लागतो.

सुरक्षिततेसाठी आज कायदाही आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी स्त्रियांच्या तक्रारीसाठी समिती असावी लागते. प्रवेश घेताना तिची चौकशी करा. वसतिगृह आवारात आहे का, रात्रपाळीला जाता-येताना सोबत असते का, हेही विचारा. असे विचारणारे पालक मला घाबरट वाटत नाहीत.

पोशाखाचेही तसेच. कुठे काय चालते हे आधी विचारून घ्यावे. मात्र एक सांगते. वॉर्डात हात कोपरापर्यंत उघडे आणि स्वच्छ ठेवण्याची अनेकदा गरज पडते, कारण ओल्या, मळक्या बाहीवरून एका रुग्णाचे जंतू दुसऱ्याकडे जातात. कोपरापर्यंत हात धुण्याची सवय तर आपल्याला आहेच. त्यात साबण, नखे आणि बोटांच्या बेचक्या यांची भर घालायची.

रात्रपाळीबद्दल बोलताना मला कामा रुग्णालयच पुन्हा आठवते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी त्या इमारतीत शिरले. अंजली कुलथे या नर्स तेव्हा गरोदर बायकांच्या वॉर्डात रात्रपाळीला होत्या. वॉर्डात वीस बायका होत्या. त्यांनी जड दरवाजे लावून घेतले, दिवे घालवले आणि सर्वांना वॉर्डाच्या टोकाच्या लहानशा खोलीत नेऊन बसवले. त्यांतल्या एकीला त्या गडबडीत कळा सुरू झाल्या. बाहेर गोळीबार चालू असताना कुलथे तिला भिंतीच्या आधाराने प्रसूतीच्या खोलीत घेऊन गेल्या. वीसही बायका वाचल्या. पुढे न्यायालयात अतिरेक्याला ओळखण्यासाठी त्या गेल्या तेव्हा आपला गणवेश घालून गेल्या. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्यांनी त्या रात्रीची हकिकत सांगितली. त्या रात्री कामात असलेल्या बायका कोणत्या घरच्या, कोणत्या धर्माच्या होत्या, याची चौकशी कुणी केली नसेल.

मुलगेही हे वाचत आहेत याची मला कल्पना आहे आणि मागच्या बाकावर काही जण हसत असतील. जी.एन.एम. आणि बी.एस्सी. नर्सिंगला मुलांनाही प्रवेश मिळतो. रुग्णालयात त्यांना 'ब्रदर' म्हणतात. धाटावच्या कारखान्यात कंत्राटी नोकरी शोधत फिरणाऱ्या किंवा आखाती देशात जाण्यासाठी दलालाला पैसे देणाऱ्या आपल्या मोठ्या भावाला एकदा विचारा. तिथल्या रुग्णालयांना भारतीय नर्स हव्या असतात, पण त्यांनाही नोंदणी क्रमांक लागतो. सोनेरी शिक्का तिथेही चालत नाही.

प्रवेशासाठी फार लांब जावे लागते असेही नाही. महाराष्ट्रात बऱ्याच जिल्हा रुग्णालयांना जोडून परिचर्या शिक्षणाच्या सरकारी शाळा आहेत. काही ठिकाणी शिकताना विद्यावेतनही मिळते. पेणहून पनवेल काही दूर नाही, आणि त्याच्या पुढे कामोठ्याला एम.जी.एम.चे नर्सिंग महाविद्यालय आहे. तिथली फी मात्र खाजगी संस्थेची. मुंबईत जे.जे. आणि के.ई.एम. आहेत. आधी सरकारी ठिकाणी अर्ज करावा, गुण कमी पडले तर दुसरीकडे पाहावे, पण वर सांगितलेले प्रश्न विचारल्याशिवाय कुठेही पैसे भरू नयेत.

ज्या विद्यार्थिनीचा रकाना मोकळा राहिला, तिचे काय झाले असे वर्गात विचारले गेले. तिने पुन्हा अकरावीला नाव घातले. आपल्यापेक्षा लहान मुलींबरोबर बाकावर बसायची तिला लाज वाटे, पण बसली. कला शाखेतून बारावी झाली. आता ए.एन.एम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मधली तीन वर्षे गेली ती गेलीच. वडिलांची उसनवारी गेल्या वर्षी फिटली. मागे ती सुट्टीत भेटली तेव्हा म्हणाली, "मॅडम, पहिल्यांदा बाळंतपण पाहिले तेव्हा मला चक्कर आली. दुसऱ्या वेळी नाही आली."

आणि 'सहा महिन्यांत नर्स' लिहिणारी मुलगी? जूनमध्ये ती गुणपत्रिका घेऊन आईबरोबर शाळेत आली. तिला विज्ञान शाखा घ्यायची होती. अर्ज भरून झाला. मुलगी दाखल्याच्या खिडकीकडे गेली तशी आई माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, त्या होस्टेलात मुलींना फजरच्या आधी गरम पाणी मिळते का हो?"

मी म्हटले, "चला, आपण दोघी एकदा जाऊन विचारून येऊ."